फूल येतं तेव्हा पान नसतं: गावच्या जमिनीतलं अनोळखी झाड ओळखायचं कसं

अडचण साधारण अशी असते. गावाकडच्या जमिनीत, बांधाच्या कडेला, गडग्याच्या (रचीव दगडी कुंपणाच्या) सावलीत नाहीतर आंब्याच्या बुंध्यापाशी मेअखेरीस किंवा मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातीतून थेट एक फूल वर येतं. त्याला पान नसतं, फांदी नसते. रंग जांभळट, तपकिरी, गुलाबी किंवा पांढरा. फोटो घरच्या ग्रुपवर पडतो. एक जण सापकांदा म्हणतो, दुसरा रानहळद, तिसरा ‘दुर्मिळ आहे, बारा वर्षांनी एकदाच येतं’ असा कुठून तरी आलेला मजकूर पुढे ढकलतो. मोबाइलमधलं ॲप एका फोटोला एक नाव देतं, त्याच फुलाच्या दुसऱ्या फोटोला दुसरं. आठवड्याभरात फूल मान टाकतं आणि विषय मागे पडतो. पुढच्या वर्षी मृग लागला की पुन्हा तोच फोटो, तीच उत्तरं.

पावसाच्या तोंडावर असे फोटो माझ्याकडे नेहमी येतात. पाठवणारे बहुतेक मुंबई-पुण्यात राहणारे, कोकणात वडिलोपार्जित जमीन असलेले. माझं मत असं झालंय की हे कोडं फुलाचा आणखी चांगला फोटो काढून सुटत नाही. ती जागा वर्षभर धरून ठेवली तरच सुटतं. कारण या वनस्पती आपलं अर्धं रूप एका महिन्यात दाखवतात आणि उरलेलं अर्धं दुसऱ्याच महिन्यात.

मुळात घोळ कुठे होतो

हे सगळे कंदवाले. वर्षातले कितीतरी महिने ते जमिनीखालीच असतात. कंदात साठवलेल्या अन्नावर आधी फूल वर येतं. पाऊस स्थिरावला की पान फुटतं. पान चार महिने ऊन खाऊन पुढच्या वर्षाची बेगमी कंदात भरतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला पिवळं पडून नाहीसं होतं. फूल संपणं आणि पान येणं यांच्या मधे बऱ्याचदा जमीन अगदी मोकळी दिसते. त्यामुळे जूनचं फूल आणि ऑगस्टमधलं पान एकाच कंदाचं आहे, हे बघणाऱ्याला सुचतच नाही.

त्यात आपलं गावाला जाण्याचं वेळापत्रक. मे महिन्याच्या सुट्टीत घर भरलेलं असतं, ते एकदम गणपतीत पुन्हा भरतं. मेमध्ये भुईचाफा दिसतो, रानकांद्याचा दांडा दिसतो, नशीब असेल तर सुरणाचं फूल दिसतं. यांतल्या कशालाच तेव्हा पान नसतं. गणपतीत पानंच पानं, फुलांचा पत्ता नाही. सुरणाच्या कुळातला शेवळा तर बरोबर या दोन सुट्ट्यांच्या मधे फुलून जातो. मोठी झालेली माणसंसुद्धा आपल्याच वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीतली ही झाडं पूर्ण पाहिल्याशिवाय राहिली, याचं कारण एवढंच आहे.

फुलाबरोबर पान असेल, तर तुमची अडचण वेगळी आणि बरीच सोपी. कळलावी हे त्याचं उत्तम उदाहरण. पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या, वर वळलेल्या पाकळ्या आणि पानाचं टोक लांबून झालेला ताणा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू. पानाच्या टोकाचाच असा ताणा झालेली फुलवेल आपल्या रानात सहसा दुसरी भेटत नाही, त्यामुळे तिथे शंकेला फारशी जागा उरत नाही. खाली जे लिहिलंय ते मात्र नुसतंच फूल किंवा नुसतंच पान दिसणाऱ्यांसाठी.

फोटो काढण्याआधी खाली बसा

उभ्याने, वरून काढलेला फोटो या कामी जवळजवळ निरुपयोगी असतो. उकिडवे बसा आणि फूल मातीतून कसं बाहेर आलंय ते बघा. बोटाने थोडी माती बाजूला करा. कंद उपटू नका, फक्त दांड्याचा तळ उघडा करा. तळाशी कागदासारखे खवले आहेत का? दांड्यावर ठिपके आहेत की तो एकरंगी आहे? गेल्या वर्षीच्या पानाचा सुकलेला, तंतुमय अवशेष बाजूला पडलाय का? एवढ्यावरूनही अर्ध्या शक्यता गळून जातात.

मग विचारायचा प्रश्न: जे फूल वाटतंय ते खरोखर एकच फूल आहे का?

एक वेढलेलं आवरण आणि मधे दांडा: सुरणाचं कूळ

माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत सगळ्यात जास्त भरणा याच मंडळींचा. बाहेरून एक मोठं पानासारखं आवरण, त्याच्या आत उभा दांडा. खरी फुलं या दांड्याच्या खालच्या भागात, मोहरीएवढी बारीक, एकमेकांना चिकटून बसलेली. आपण ज्याला पाकळी म्हणतो ते नुसतं वेष्टण.

यातला कोकणात, ठाणे-रायगडपासून खाली सगळीकडे भेटणारा शेवळा. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस, पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलाच. दांडा चांगला उंच, त्यावर होडीसारखं उघडणारं जांभळट तपकिरी आवरण आणि त्यातून बाहेर डोकावणारा लांब, निमुळता, उघडा शेंडा. पहिल्या पावसात पनवेल, कर्जत, पालघरच्या बाजारात कातकरी, ठाकर बायका याच्या न उघडलेल्या कोंबांच्या जुड्या विकायला बसतात, तो हाच.

एक शेवळा उघडून बघण्यासारखा असतो. जागेवर भरपूर असतील तरच हे करा, एकटा असेल तर त्याला हात लावू नका. आवरणाला बाजूने एक खिडकी पाडा. अगदी तळाशी ओळीने बसलेले गोलसर दाणे दिसतील, ती मादी फुलं. त्यांच्या वर पिवळट, दाणेदार पट्टा, ती नर फुलं. भाजी निवडताना बायका आतला पिवळा भाग काढून टाकतात तो हाच. त्याच्या वर तो लांब जांभळा शेंडा, ज्यावर एकही फूल नसतं. त्याचं काम वास पसरवण्याचं. त्या कुबट वासावर बारीक किडे आणि माश्या आत येतात. मादी फुलं आधी तयार होतात, परागकण नंतर सुटतात, म्हणजे त्याच फुलोऱ्याचे पराग त्याच्याच मादी फुलांना सहसा मिळत नाहीत. काही जातींत मादी आणि नर पट्ट्यांच्या मधे वांझ फुलांचा आणखी एक पट्टा असतो, काहींत नसतो. जात ठरवताना जाणकार हाच भाग पाहतात. बाहेरून काढलेल्या फोटोवरून ते नाव सांगायला का कचरतात, ते यावरून कळेल.

सुरणाचं फूल वेगळं. अमॉर्फोफॅलस पिऑनिफोलियस. हे जवळजवळ जमिनीवरच बसलेलं असतं, दांडा आखूड, आवरण पसरट घंटेसारखं, मधला शेंडा सुजल्यासारखा, सुरकुत्यांचा, गडद मरून. कुजलेल्या मांसासारखा वास येतो आणि फूल फुलतं तेव्हा तो शेंडा हाताला चक्क कोमट लागतो. परसात लावलेला सुरण काढायचा राहून गेला की काही वर्षांनी असं फूल येतं आणि घरचे घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. सुमात्रा बेटावरचं ते माणसापेक्षा उंच, जगप्रसिद्ध दुर्गंधी फूलही याच कुळातलं, याच प्रजातीगटातलं.

सापकांदा म्हणजे ॲरिसीमा. हा घाटमाथ्याचा. महाबळेश्वर, आंबोलीच्या बाजूला जमीन असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. एका जातीचं आवरण पांढरं, घशाशी जांभळं, फणा काढल्यासारखं पुढे झुकलेलं. दुसरीचं हिरवं, आणि आतला शेंडा चाबकासारखा वळून बाहेर आलेला. पावसाळा सरताना याची फळं कणसासारखी दाटीने धरतात आणि हिरव्याची लाल होतात. गणपती-दसऱ्याला गेलात आणि दांड्याच्या टोकाला नुसतं लाल कणीस दिसलं, तर जूनमधलं फूल आठवा.

पान आलं की यांना वेगळं करणं

शेवळा असो की सुरण, एका कंदाला साधारण एकच पान येतं. जमिनीतून एक ठिपकेदार देठ वर जातो, त्याला वर तीन फाटे फुटतात आणि ते फाटे पुन्हा चिरले जातात. बरेच जण या देठाला खोड समजतात. देठावरून बोट फिरवा: सुरणाचा, विशेषतः रानटी सुरणाचा, खरखरीत लागतो, शेवळ्याचा गुळगुळीत. पानाच्या फाट्यांवर बटाट्याच्या डोळ्यासारख्या तपकिरी गाठी धरल्या असतील तर ती तिसरीच जात, त्या गाठी गळून पडल्या की त्यांतून नवी रोपं होतात. त्याची नोंद आवर्जून करा.

इथे आणखी एक जण हमखास फसवतो: देवकांदा, म्हणजे टॅका. पान लांबून सुरणाचंच वाटतं. पण देठ उभ्या शिरांचा, खाचा असलेला आणि आतून पोकळ असतो. आणि याचं फूल पानाबरोबर, पावसाळ्यातच, उंच दांड्यावर येतं, त्यातून लांबलचक दोरे लोंबत असतात. देठ आडवा कापला की वाद मिटतो.

सापकांद्याचं पान पंज्यासारखं, एका जागेवरून सगळीकडे फाकलेल्या पर्णिकांचं. ते सुरणाशी कधीच गल्लत होण्यासारखं नाही.

गुलाबी तुरा: हळदीचं कूळ

जमिनीतून वर आलेला, वर गुलाबी किंवा जांभळट होत जाणारा तुरा असेल तर ती रानहळद असण्याची दाट शक्यता. इथेही रंगीत दिसतात ती फुलं नव्हेत. वरचे गुलाबी भाग म्हणजे नुसती सहपत्रं, फुलांजवळची रंगीत पानं. खरी फुलं खालच्या खिशांत, पिवळी, एका वेळी दोन-तीनच उमललेली. ग्रुपवर आलेल्या फोटोंत गुलाबी तुरा छान आलेला असतो आणि पिवळं फूल एकही दिसत नाही. मग नाव सांगणार कसं? काही रानहळदींत पहिला तुरा पान येण्याआधी कंदाच्या बाजूने येतो, काहींत भर पावसात पानांच्या मधून. एकाच झाडाने दोन्ही करावं, असंही घडतं. म्हणून तुरा बाजूने आला की मधून, हे लिहून ठेवणं फोटोइतकंच मोलाचं.

भुईचाफा याच कुळातला, पण त्याला तुरा नसतो. एप्रिल-मेच्या तापलेल्या मातीतून पांढरी फुलं जमिनीलगत उमलतात, त्यांची एक पाकळी जांभळी, वास मंद आणि गोड. पानं पावसात येतात, वरून हिरवी चट्टेपट्टे असलेली आणि खालून जांभळट. पान उलटून पाहिलं की ओळख पटते.

गणपतीत फक्त पानं हाती आली तर हळदीचं कूळ वासावर पकडा. पान चुरगाळा, हळदीचा किंवा कापराचा वास येईल. वास नाही आणि पानं खोडाभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली असतील, तर तो पेव. त्याचं पांढरं, चुरगळलेल्या क्रेपसारखं फूल लालसर कणसातून येतं, ते चुकणं कठीण.

उघडा दांडा, त्यावर पुष्कळ फुलं

उन्हाळ्यात कातळावर, सड्याच्या कडेला, हातभर उंच दांडा आणि त्यावर मातकट हिरवी, खाली झुकलेली बारीक फुलं दिसली तर रानकांदा, म्हणजे कोळकांदा. दिवसा फुलं बहुतेक मिटलेली असतात, म्हणून दुपारचे फोटो निकामी जातात. खाली कांद्यासारखाच कांदा असतो, आणि तो विषारी आहे. त्यावर पुढे लिहितो.

दांड्यावरच्या प्रत्येक फुलाची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा ठळक वेगळी, ओठासारखी पुढे आलेली असेल तर ती भुईवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. यांच्याही काही जातींत फुलांचा दांडा आधी आणि पानं नंतर येतात. आमरी सापडली तर जागेची वाच्यता फार करू नका. औषधासाठी यांचे कंद खणून नेणारे लोक असतात, आणि एकदा कंद गेला की त्या जागी पुढच्या वर्षी काहीच उगवत नाही.

ॲप दर वेळी वेगळं नाव का देतं

ॲपला तुमच्या बांधावरचं काही माहीत नसतं, त्याला त्याच्याकडे असलेल्या फोटोंशी तुमचा फोटो जुळवायचा असतो. गुलाब-जास्वंदीचे फोटो त्याच्याकडे भरपूर असतात. कोकणातल्या एखाद्या जातीचे मोजके, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या परदेशी जातींचे जास्त. त्यामुळे ते जवळपासच्या कुळापर्यंत बरोबर पोचतं आणि जातीवर घसरतं. ॲपने सांगितलेल्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द (गटाचा) धरा, दुसरा शब्द (जातीचा) तपासायचा आहे असं समजा.

दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्याच्या पोटातली जागा-वेळेची माहिती पुसली जाते. मग तो फोटो ॲपमध्ये टाकला की झाड कोकणातलं आहे हेच त्याला कळत नाही. जो माणूस शेतात आहे त्याला मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा आणि फोनमधलं लोकेशन चालू ठेवायला सांगा. एवढ्यानेही उत्तरं सुधारतात.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकणं ॲपच्या झटपट उत्तरापेक्षा कितीतरी बरं, कारण तिथे माणसं तपासतात. आमरीसारखी नाजूक गोष्ट असेल तर आयनॅचरलिस्टवर अचूक जागा झाकून टाकायची सोय आहे, ती वापरा.

खरा उपाय: जागेला खूण करा

फूल दिसल्या दिवशी त्याच्यापासून वीतभर अंतरावर एक खुंटी ठोका. बांबूची चालेल, पण पावसात कुजणार नाही अशी, आणि तिला रंगीत नायलॉनची दोरी बांधा. नुसती खुंटी पुरत नाही, कारण श्रावणात गवत कंबरेएवढं होतं. म्हणून गडग्यावरच्या किंवा जवळच्या झाडावरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून किती पावलं, हेही लिहून ठेवा. जांभ्याचे तीन-चार दगड भोवती रचून ठेवलेत तर उत्तम.

यानंतरची पायरी सगळ्यांत जास्त वेळा चुकते. बागेची बेणणी करणाऱ्याला सांगून ठेवा. पूर्वी गवत कोयत्याने कापलं जायचं, कापणारा बघून हात चालवायचा. आता काजू-आंब्याच्या बागेत ग्रासकटर फिरतो, कुठे तणनाशक मारतात. नेमकं पान पूर्ण उघडलेलं असतानाच ते जातं. पान गेलं की ओळखायची दुसरी संधी गेली, आणि कंदाची पुढच्या वर्षाची शिदोरीही गेली. गावात राहणाऱ्या भावाला, चुलत्याला, बागेची देखभाल बघणाऱ्या माणसाला सांगा: ‘या खुंटीभोवती हातभर जागा सोड, आणि पान फुटलं की फोटो टाक.’ हे सांगितलं तर माणसं मनापासून करतात. मी पाहिलंय.

पान फुटल्यावरचे फोटो असे हवेत: अख्खं झाड, देठाचा तळ, पानाची वरची आणि खालची बाजू, देठाचा आडवा छेद, आणि आजूबाजूची जमीन, म्हणजे कातळ आहे की ओहोळ की दाट सावली. बाजूला एक नाणं ठेवा, आकार कळतो. गडद जांभळ्या फुलामागे पांढरा कागद धरा, नाहीतर फोन त्याचा रंग पार बिघडवतो. वास फोटोत येत नाही, तो लिहा. किती वाजता पाहिलं तेही लिहा.

‘गेल्या वर्षी होतं, यंदा आलंच नाही’

कंद मेला असं लगेच धरून चालू नका. सुरणाच्या कुळातल्या कंदांना फुलण्याइतकं मोठं व्हायला काही वर्षं लागतात आणि फूल-फळ धरण्यात त्यांची बरीच साठवण खर्च होते. मग एखादं वर्ष ते फुलाचा नाद सोडून फक्त पान काढतात. सापकांद्यात तर कंद लहान असताना नर फुलं आणि मोठा झाल्यावर मादी फुलं येतात, म्हणजे एकाच झाडाने एका वर्षी फळ धरावं आणि दुसऱ्या वर्षी नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. खुंटीपाशी जुलै-ऑगस्टमध्ये पान दिसलं का ते बघा. पानही नसेल तर माती बघा. उकरलेली असेल तर रानडुकराचं किंवा साळींदराचं काम. सरळ पहारीने खणल्यासारखा खड्डा असेल तर माणसाचं.

गावात विचारताना प्रश्न बदला

‘याचं नाव काय?’ असं विचारलं की एकच नाव मिळतं, आणि ते नाव पुढच्या वाडीत वेगळ्याच झाडाला असतं. रानहळद, रानकांदा, सापकांदा ही नावं घाटाखाली-घाटावर, तालुक्या-तालुक्यात वेगवेगळ्या झाडांना चिकटलेली आहेत. त्यापेक्षा गुरं राखणाऱ्याला, भाजीला जाणाऱ्या काकूंना हे विचारा: याला पान कधी येतं? गुरं खातात का? खाली कंद आहे का? कंद खाजतो का? भाजी करतात का, आणि कशात घालून?

‘काकू, हे गुरं खातात का?’ या एका प्रश्नाला ‘छे रे बाबा, तोंड सुजेल त्यांचं’ असं उत्तर आलं तर तुम्ही सुरणाच्या कुळाकडे बरेच सरकलात. ‘भाजी करतो, पण काकडं घालून’ म्हणाल्या तर तो बहुतेक शेवळा. काकडाची आंबट फळं घातल्याने खाज मरते, हे ठाण्या-रायगडाकडच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. जिथे काकडं मिळत नाहीत तिथे चिंच, आमसूल घालतात.

ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ती तयार करायची असते आणि तीत गावातल्या वनस्पती स्थानिक नावांनी लिहिलेल्या असतात. काही ठिकाणी ती फार मन लावून केलेली आहे, काही ठिकाणी फक्त रकाने भरलेत. तरी एकदा बघायला मागा. आणि तुमच्या झाडाची ओळख पक्की झाली की ते त्यात लिहून घ्यायला सांगा.

चाखून बघायचं नाही

हे मी अगदी ठाम सांगतो. फोटोवरून किंवा ॲपवरून पटलेल्या ओळखीच्या जोरावर कुठलाही कंद, कोंब तोंडात घालू नका. सुरणाच्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात रुततात. नीट निवडून, आंबटात शिजवलेला शेवळा खाणारे लोक तो आयुष्यभर ओळखत आलेले असतात. तुमच्या घरात असं कुणी नसेल तर बाजारातून त्यांच्याकडूनच विकत घ्या आणि करायचा कसा तेही त्यांनाच विचारा.

रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं. त्याने आधी उलट्या-जुलाब होतात, माणसाला थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि मग आतले अवयव निकामी व्हायला लागतात. हा मधला काळ फार धोक्याचा, कारण घरचे दवाखान्यात न्यायचं पुढे ढकलतात. कुणी चुकून खाल्लंच तर १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना त्या झाडाचा, कंदाचा तुकडा पिशवीत बरोबर न्या. डॉक्टरांना तेवढ्याने दिशा मिळते.

हाताळताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्यानंतर साबणाने हात. डोळ्याला हात लावायचा नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

तरीही नाव लागत नसेल तर

मग नमुना जाणकारांकडे जायला हवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे, तिथे पश्चिम भारतातल्या झाडांचे वाळवलेले नमुने जपलेले आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचा ब्लॅटर संग्रह, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग. शेतातल्या तणांपुरता प्रश्न असेल तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ जवळ पडतं. आधी पत्र किंवा मेल करून, फूल आणि पान दोन्हींचे फोटो, गाव, तालुका, तारीख पाठवा. एकाच फुलाचा फोटो पाठवून ‘हे काय आहे?’ असं विचारलेल्या मेलला उत्तर देणं त्यांनाही जमत नाही.

नमुना मागितलाच तर जाड, रसरशीत फुलं नुसत्या वर्तमानपत्रात दाबून पावसाळ्यात सुकत नाहीत, बुरशी धरतात. हळदीच्या कुळातली फुलं तर दाबली की लिबलिबीत होऊन जातात. अशी फुलं बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवतात. जाड दांडा, कंद असेल तर उभा चिरून पातळ काप करतात आणि कागद रोज बदलतात. बाटलीवर बाहेरून चिठ्ठी लावू नका, ती गळून पडते. जाड कागदावर पेन्सिलीने गाव, तारीख, खुंटीचा क्रमांक लिहून कागद बाटलीच्या आत टाका. पेन्सिल स्पिरिटमध्ये पुसत नाही, शाई पुसते.

एवढे कष्ट घ्यायचे कशाला, असं कुणी विचारतं. १९९४ मध्ये शेवळ्याच्या याच गटातली एक नवी जात शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली, तिचं नाव अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस. ती कुठल्या दूरच्या अरण्यातली नव्हे, आपल्या कोकणातली. अशी झाडं राखीव जंगलांइतकीच खासगी वरकस जमिनींत, बांधांवर, देवराईच्या कडेला टिकून आहेत, आणि त्या जमिनी आता प्लॉट पाडून विकल्या जातायत, जेसीबीने सपाट होतायत. तुमच्या सातबाऱ्यावर त्या झाडाची नोंद कुठेच नाही. म्हणून यंदा फूल दिसलं की आधी खुंटी ठोका, मग फोटो काढा, आणि गणपतीला गेलात की आरतीनंतर एक चक्कर त्या खुंटीपर्यंत मारा, पान उलटून बघा आणि देठावरून बोट फिरवा.